अर्ध्यावर वीज गेली तर?

आमच्या बँकेच्या प्रत्येक शाखेत एक जाडजूड पुस्तक असे. लाल कापडी पुठ्ठा, आत आठ-नऊशे पानं, आणि नाव 'मॅन्युअल'. कर्ज मंजूर करताना कोणते कागद मागावेत, मृत खातेदाराची रक्कम वारसाला कशी द्यावी, स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या कोणी कोणाकडे ठेवाव्यात, सगळं त्यात लिहिलेलं. नियम मात्र सारखे बदलत. नवं पुस्तक छापायला दहा-दहा वर्षं लागत, म्हणून मुख्य कार्यालयातून पातळ कागदावर छापलेल्या दुरुस्तीच्या पट्ट्या येत. 'पान २१४, परिच्छेद ६, तिसऱ्या ओळीऐवजी खालील मजकूर वाचावा.' ती पट्टी कापायची, डिंक लावायचा आणि नेमक्या ओळीवर चिकटवायची. दुपारी काउंटरवरची गर्दी ओसरली की दफ्तरी हे काम घेऊन बसे.

१९८८ च्या सुमाराला मी एका शाखेत बदलून गेलो. महिनाभरानं लक्षात आलं की एका प्रकारच्या शेतीकर्जावरचं आमचं व्याज इतर शाखांशी जुळत नाही. मॅन्युअल उघडलं. पट्टी क्रमांक ४१ जागच्या जागी, अगदी सरळ चिकटवलेली. ४० मात्र नव्हतीच. टपालात गहाळ झाली की डिंक संपला म्हणून ड्रॉवरमध्ये राहिली, देव जाणे. आणि ४१ ही ४० मधल्या मजकुरात दुरुस्ती करणारी पट्टी होती! जुनी ओळ आणि नवी पट्टी एकापुढे एक वाचली, की मुख्य कार्यालयानं कधी काढलाच नव्हता असा एक नियम तयार होत होता. तो आमच्या शाखेपुरता जन्माला आला होता आणि त्या नियमानं आम्ही दोन तिमाह्या व्याज आकारलं होतं. दिवाळी तोंडावर आलेली, आणि आम्ही तिघं रात्री आठ-आठ वाजेपर्यंत उलट नोंदी टाकत बसलो होतो.

निवृत्तीनंतर मी हे सारं विसरून गेलो होतो. कादंबरीतही कधी वापरलं नाही; व्याजाच्या पट्टीवरची कादंबरी कोण वाचणार? ते आठवलं गेल्या वर्षी ऑगस्टात, बारवी नदीच्या काठावर घोटाभर चिखलात उभा असताना.

मी बदलापूरला राहतो. इथून मुळगावावरून मुरबाडकडे निघालं की बारवी धरण लागतं. पावसाळ्यातल्या रविवारी त्या रस्त्यावर गरम भजी आणि ओलेचिंब मुंबईकर यांची रेलचेल असते. त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की हे धरण शेतीच्या पाटांसाठी बांधलेलं नाही. ते एमआयडीसीचं, कारखान्यांना पाणी देण्यासाठी बांधलेलं. आज उल्हासनगर, अंबरनाथपासून ठाण्यापर्यंत किती घरांचे नळ त्याच्यावर चालतात! धरणातून सोडलेलं पाणी बारवीतून उल्हास नदीत येतं आणि पुढे जांभूळच्या बंधाऱ्यापाशी उचललं जातं. धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या काही गावांनी आपली घरं-शेतं पाण्याखाली दिली. आता पूर्ण पातळी ७२.६० मीटर आणि साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर. पाणी त्या पातळीला पोचलं की धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. खालच्या गावांना आधी इशारा दिला जातो. पण रात्री एकट्या पंपघरात झोपलेल्या माणसाला तो पोचेलच असं नाही. पाणी एका रात्रीत काय करतं हे आम्हा बदलापूरकरांना २७ जुलै २०१९ ला पुन्हा एकदा कळलं. त्या दिवशी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं.

माझ्या भाच्याची अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत छोटीशी कार्यशाळा आहे. तो, एक इंजिनिअर मुलगी आणि दोन वायरमन. ते पाण्याची पातळी मोजणारी खोकी बनवतात. चपलांच्या खोक्याएवढा राखाडी डबा, वर सोलर पट्टी, आत मोबाइलचं सिमकार्ड. पाणी ठरलेल्या रेषेवर आलं की मालकाला संदेश जातो आणि जागेवर भोंगा वाजतो. नदीकाठी ज्यांचे पंप आहेत असे बागायतदार, एक-दोन कारखाने, काही गृहसंकुलं हे त्यांचे गिऱ्हाईक. तेव्हा चाळीस खोकी लागलेली होती.

त्यातलं एक बारवीच्या काठावरच्या एका रोपवाटिकेच्या पंपघरात. ऑगस्टातल्या त्या रात्री पाणी चढलं, रेषा ओलांडली, मोटारीच्या चौथऱ्यावर आलं, आणि खोकं गप्प. पंपघराचे राखणदार साठीचे, म्हणजे माझ्याच वयाचे. कुत्रं भुंकून अंगावर आलं म्हणून जागे झाले, तेव्हा खाटेचे पाय पाण्यात होते. दोन शेळ्या सोडवून ते वर आले. मोटार बुडाली. सकाळी भाच्याबरोबर मीही गेलो होतो, कारण गाडी माझी होती. राखणदारांनी आरडाओरडा केला नाही. भिंतीवरच्या डब्याकडे हात करून एवढंच म्हणाले, "खोकं बोललंच नाय, साहेब. बोलनार नसंल तं घेऊन जा. मी आपला जागा राहीन."

भाचा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, तुम्ही बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा होता ना? जरा येऊन बसा. आम्हा दोघांचं भांडण झालंय."

भांडण कशावर, हे समजायला मला अख्खी दुपार लागली. ते सांगायचं तर आधी खोक्याच्या पोटात शिरायला हवं. त्यात एक छोटा संगणक असतो आणि त्यावर लिनक्स चालतं. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ साली जगासाठी खुली केलेली ही प्रणाली. आपल्याला वाटतं, ती संगणकवाल्यांची चीज. प्रत्यक्षात तुमच्या दिवाणखान्यात वाय-फायची जी डबी लुकलुकते आहे, तिच्यातही बहुधा लिनक्सच असतं. टीव्हीतही असू शकतं. यंत्राच्या आत कायमचं बसवलेलं, ज्याला पडदा नाही, कळफलक नाही, आणि ज्याच्याकडे बिघडल्याशिवाय कोणी बघत नाही असं.

आता, आतलं सॉफ्टवेअर काही एकसंध नसतं. घड्याळ लावणारं एक, सिमकार्डाशी बोलणारं दुसरं, संदेश कुलूपबंद करून पाठवणारं तिसरं, अशा पुड्या असतात. या पुड्या आणणं, जागेवर ठेवणं, जुन्या काढून नव्या भरणं हे काम करणाऱ्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. मी त्याला मनातल्या मनात कोठावळा म्हणतो. जुन्या वाड्यात कोठीघराची किल्ली ज्या आजीच्या कमरेला असे, तिला पुरणपोळ्या म्हटल्या की हरभऱ्याची डाळ, गूळ, जायफळ असं सगळं आपोआप आठवायचं. कोठावळाही तसाच. एक पुडी मागितली की तिला लागणाऱ्या बाकीच्या पुड्या तो स्वतःहून काढतो. बँकेच्या भाषेत प्रत्येक पुडीला जामीनदार लागतो, त्या जामीनदाराला आणखी जामीनदार, आणि कोठावळ्याकडे या साऱ्यांची खतावणी असते.

इयान मरडॉक या अमेरिकन तरुणानं १९९३ मध्ये डेबियन नावाचा लिनक्सचा संच सुरू केला. त्याचा कोठावळा डीपीकेजी. रेड हॅट कंपनीचा आरपीएम. हे दोघे मोठ्या संगणकांवर वाढलेले, ऐसपैस जागा लागणारे. पुढे २००० च्या सुमाराला तळहातावर मावणाऱ्या संगणकांवर लिनक्स घालायचे उद्योग सुरू झाले, तेव्हा डेबियनच्या धर्तीवर पण अंगानं बारीक असा आयपीकेजी आला, आणि त्याच्यापासून २००८ च्या आसपास ओपकेजी. वाय-फायच्या डब्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपन-डब्ल्यूआरटी या संचानं तो वर्षानुवर्षं वापरला. २०२४ च्या अखेरीस त्यांनीही विकासाच्या शाखेत ओपकेजी काढून अल्पाइन लिनक्सचा एपीके आणला. (मोबाइलवर ज्या एपीके फायली असतात त्यांच्याशी याचा संबंध नाही. नावं ठेवण्याच्या बाबतीत हे लोक आपल्या सोसायट्यांपेक्षा वेगळे नाहीत; दर गल्लीत एक 'साईकृपा'.)

भाच्याच्या खोक्यांत होता ओपकेजी. त्या आठवड्यात त्यानं कार्यशाळेतून, फोनच्या जाळ्यावरून, खोक्यांना दोन नव्या पुड्या पाठवल्या. एक संदेश कुलूपबंद करणारी, आणि दुसरा त्यांचा स्वतःचा मुख्य प्रोग्रॅम, जो आता त्या नव्या पहिलीवर अवलंबून होता. वार शुक्रवार. आमच्या भागात शुक्रवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा वार, म्हणून विजेच्या दुरुस्त्याही बहुधा त्याच दिवशी निघतात. पंपघरातली वीज गेली. ढगाळ हवा, सोलर पट्टी सुस्त, आतली बॅटरी तीन वर्षांची. पहिली पुडी बसली, दुसरी बसायच्या आत खोकं विझलं. संध्याकाळी वीज आली तेव्हा जुना प्रोग्रॅम आपल्या जुन्या सोबत्याला हाका मारत राहिला. तो सोबती तर बदललेला. चाळिसातल्या तीन खोक्यांचं असं झालं. दोन ठिकाणी काही बिघडलं नाही. तिसऱ्या ठिकाणी राखणदारांची खाट होती.

मला चाळीस आणि एक्केचाळीस नंबरच्या पट्ट्या आठवल्या. मी ती गोष्ट सांगितली तेव्हा इंजिनिअर मुलगी टेबलावर हात आपटून म्हणाली, "काका, हेच! हेच मी याला दोन दिवस सांगतेय."

तिचं म्हणणं असं. चाळीस खोकी, आणि प्रत्येकात वीस-पंचवीस पुड्या. एखादं खोकं नेटवर्कबाहेर होतं म्हणून त्याला मागच्या महिन्याची पुडी पोचली नाही, एखाद्याला ती दोनदा पोचली. वर्षभरानं कुठल्या खोक्यात नेमका कुठला मेळ आहे हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आपण कार्यशाळेत तपासतो तो मेळ एक, आणि नदीवर टांगलेले चाळीस वेगळे. शाखेचा तो अनाथ नियम तो हाच.

आणि हे तिचं एकटीचं मत नव्हतं. छोट्या यंत्रांसाठी लिनक्स बांधून देणाऱ्या साधनांपैकी बिल्डरूटनं तर यंत्रावर कोठावळा ठेवायलाच मुळात नकार दिला आहे. पुडी-पुडी बदलू नका, सगळं एकत्र बांधा आणि एकत्रच बदला, असं त्यांच्या माहितीपुस्तकात स्पष्ट सांगितलंय. ज्या ओपन-डब्ल्यूआरटीनं ओपकेजी घरोघर नेला, तेसुद्धा सांगतात की सरसकट सगळ्या पुड्या नव्या करत सुटू नका, त्यापेक्षा पूर्ण संचाची नवी आवृत्ती घ्या. त्यात आणखी एक गंमत आहे. त्या डब्यांत मूळ संच न पुसता येणाऱ्या जागेत दाबून भरलेला असतो आणि नवी पुडी त्याच्यावर ठेवली जाते. खालची जुनी तशीच राहते. म्हणजे पुडी नवी करताना जागा वाचत नाही, उलट दुप्पट खर्च होते. मॅन्युअलवर पट्ट्या चिकटवून चिकटवून पुस्तक मिटेनासं व्हायचं, तसंच.

भाचा मात्र हटून बसला होता, आणि त्याची बाजूही खोटी नव्हती. एक पुडी दोनशे किलोबाइटची. पूर्ण संच चाळीस मेगाबाइटचा. चाळीस खोक्यांची सिमकार्डं, डोंगराच्या आडोशाला एकच काडी रेंज. एवढ्याशा दुरुस्तीसाठी अख्खं पुस्तक टपालानं पाठवायचं? शिवाय गिऱ्हाइकाला उद्या फक्त भोंग्याचा आवाज वाढवून हवा असला तर? त्यानं मंगळाचाही दाखला काढला. २०२१ च्या एप्रिलमध्ये 'नासा'चं इन्जेन्युइटी हे चिमुकलं हेलिकॉप्टर मंगळावर उडायच्या तयारीत असताना आतल्या घड्याळी पहारेकऱ्यानं चाचणी थांबवली. त्या हेलिकॉप्टरवरही लिनक्सच होतं. पृथ्वीवरच्या लोकांनी नवं सॉफ्टवेअर तयार केलं, पण आधी वापरला तो छोटा उपाय. पाठवायच्या आज्ञांत थोडा फरक केला. शंभरातून पंचाऐंशी वेळा तो चालेल हे त्यांनी मोजलं होतं. १९ एप्रिलला हेलिकॉप्टर उडालं. चौथ्या खेपेला, २९ एप्रिलला, तो उरलेला पंधरा टक्क्यांतला दिवस उगवला आणि उड्डाण झालं नाही. दुसऱ्या दिवशी झालं.

"चिठ्ठीच चिकटवली ना त्यांनी?" भाचा म्हणाला.

"आतल्या सॉफ्टवेअरला हात कुठं लावला?" ती म्हणाली. "ते जसं तपासलं होतं तसं अख्खं राहिलं. तू तर चालत्या माणसाचं एक हाड काढून दुसरं बसवतोस."

मी उगाच मध्ये बोललो की मग साधा डेबियन का नको, नावाजलेला आहे, माणसं माहितगार आहेत. दोघंही माझ्याकडे बघून हसले, पण त्यांनी नीट उत्तर दिलं. जिथं यंत्राशेजारी माणूस बसतो, बिघडलं तर पडदा जोडून बघता येतं, तिथं डेबियन उत्तमच. कार्यशाळेतला त्यांचा स्वतःचा सर्व्हर त्यावरच चालतो. पण त्याची एकेक आवृत्ती साधारण पाच वर्षं सांभाळली जाते, आणि पंपघरातलं खोकं दहा वर्षं टिकलं पाहिजे. मधे कधीतरी एक मोठी उडी मारावीच लागणार, तीही नदीवर, माणूस नसताना.

मग अजिबात बदलायचंच नाही, हा तिसरा मार्ग. तो मला सर्वांत धोक्याचा वाटतो. एकदा बसवलं की विसरून गेलेल्या कॅमेऱ्यांचा आणि डब्यांचा ताबा घेऊन २०१६ साली 'मिराई' नावाच्या किडीनं अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं काही तास बंद पाडली होती. दुरुस्ती हवीच. प्रश्न ती कशी पोचवायची एवढाच.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती ऐकल्यावर बँकवाला म्हणून माझ्या अंगावर काटा आला. पुडी खरी की खोटी हे कोठावळा ओळखतो कसा? आमच्याकडे नमुना सहीचं कार्ड असे. चेक आला की कार्ड काढायचं, सही ताडायची. इथं प्रत्येक पुडीचा एक लांबलचक आकडा काढलेला असतो, त्याची यादी सही करून ठेवलेली असते, आणि उतरवलेली पुडी त्या आकड्याशी ताडून बघायची असते. २०१७ च्या फेब्रुवारीत ओपन-डब्ल्यूआरटीच्या ओपकेजीत एक चूक शिरली. यादी वाचण्यातला बारीकसा घोळ. पण परिणाम असा की आकडा ताडून बघण्याची पायरीच गळून पडायची आणि पुडी मुकाट्यानं आत घेतली जायची. म्हणजे नमुना सहीचं कार्ड कपाटातून काढलं, पण वाचता आलं नाही म्हणून चेक पास! हे २०२० च्या जानेवारीत गिडो व्रॅन्केन या संशोधकाच्या लक्षात आलं आणि लगेच दुरुस्तही झालं. मधली जवळजवळ तीन वर्षं जगभरच्या डब्यांत तो क्लार्क तसाच बसलेला होता. असा क्लार्क आमच्या शाखेत असता तर इन्स्पेक्टर तिसऱ्या दिवशी ओरडला असता. यंत्रांच्या शाखांना इन्स्पेक्शन नसतं. भाच्यावर कशाचा परिणाम झाला असेल तर तो या हकिकतीचा.

मुलीची योजना अशी होती. खोक्यात दोन कपाटं करायची. एकात आज चालू असलेला पूर्ण संच, दुसरं रिकामं. नवा संच आला की तो चालू कपाटाला हात न लावता दुसऱ्यात भरायचा. पूर्ण भरला, सही ताडली, की मगच सांगायचं, पुढच्या वेळी या कपाटातून सुरुवात कर. यंत्र चालू होताना जागा होणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. सकाळी सर्वांआधी येऊन शाखेचं शटर उघडणाऱ्या शिपायासारखा. तो नव्या कपाटातून तीन वेळा प्रयत्न करतो. शाखा उघडली तर ठीक. नाही उघडली तर निमूटपणे जुनं कपाट उघडतो. पाण्याच्या नोंदी आणि गिऱ्हाइकाची रेषा मात्र तिसऱ्या, वेगळ्या कप्प्यात. मॅन्युअल बदललं म्हणून कोणी किर्द जाळत नाही. यासाठी राउक नावाचं तयार साधन आहे, जर्मनीत जन्मलेलं, आणि ते सही नसलेला संच घेतच नाही. तशीच स्वअपडेट, मेंडर अशी आणखीही आहेत. आपल्या हातातले अनेक अँड्रॉइड फोन २०१६ पासून याच दोन कपाटांच्या पद्धतीनं नवे होतात. आपल्याला पत्ताही नसतो.

"म्हणजे कोठावळ्याला नारळ?" मी विचारलं.

"नाही काका, त्याला नदीवरून कार्यशाळेत बोलवायचं."

हे मला फार आवडलं. पूर्ण संच बांधण्यासाठी ते योक्टो हे साधन घेणार होते. त्यात डेबियनच्या जातीच्या, आरपीएमच्या किंवा ओपकेजीच्या अशा कुठल्याही पुड्या करायच्या ते एका ओळीत ठरवता येतं. टेबलावर काम करताना रोज दहा बदल होतात, तिथं ओपकेजी हवाच; पाच सेकंदांत पुडी बदलते. पण खोकं अंबरनाथहून निघालं की कोठीघराला कुलूप.

राहिला प्रश्न जागेचा. दोन कपाटं म्हणजे दुप्पट मेमरी. जुन्या डब्यातल्या चिपमध्ये एकच संच कसाबसा मावत होता. त्यासाठी आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेलो. उल्हासनगरच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या पिढीनं लोकलमध्ये हजार वेळा ऐकला आहे. पण १९४७ नंतर लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी जे मिळेल ते उघडून, शिकून, दुरुस्त करून हे गाव उभं केलं, हे विनोद करणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. दुकानातले सत्तरीचे आजोबा भाच्याला कॉलेजपासून ओळखतात. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि हिंदी-मराठीच्या मिसळीत विचारलं, "साईं, मोटर कितने की डूबी?" भाच्यानं आकडा सांगितला. "और चिप का फरक?" तोही सांगितला. आजोबांनी ड्रॉवर उघडून चिपांची पट्टी काढली. माझ्या नोकरीत मी असंख्य प्रोजेक्ट रिपोर्ट वाचले, पण इतका आटोपशीर नाही वाचला.

चाळीस मेगाबाइटच्या खर्चाची तोडही निघाली. सिमकार्डवरून घाईनं नाही, रात्री थोडं थोडं उतरवायचं, आणि तेही वर्षातून तीन-चारदाच. पावसाळ्याच्या चार महिन्यांत अगदी निकड असल्याशिवाय काही पाठवायचं नाही. शुक्रवारी तर नाहीच, हे मी घालायला लावलं.

हिवाळ्यात पहिलं नवं खोकं टेबलावर तयार झालं. एका रविवारी मला बोलावणं आलं. "मामा, संच बदलायला सुरुवात करतोय. तुम्ही वाटेल तेव्हा वायर ओढायची. आम्हाला सांगायचं नाही."

तीस-पस्तीस वर्षं बँकेत मला कोणी असं काम दिलं नव्हतं. मी सुरुवातीलाच ओढली, अगदी मध्ये ओढली, संपत आलं असं वाटताना ओढली. चहा पिता पिता ओढली. दर वेळी खोकं उठायचं, जुन्या कपाटातून कामाला लागायचं आणि भोंगा एकदा 'पीं' करायचा. मग मुलीनं जुन्या, ओपकेजीच्या खोक्यावर तोच खेळ लावला. सहाव्या ओढीला ते जे गप्प झालं ते झालंच. भाचा उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मे महिन्यात आम्ही तिघं रोपवाटिकेवर गेलो. नदी तळाशी गेलेली, मोठमोठे धोंडे उघडे पडलेले. नवी मोटार बसवून झाली होती आणि मालकांनी चौथरा दोन हात उंच केला होता. वायरमननं खोकं भिंतीला ठोकलं. राखणदार दारात बसून बघत होते. भाचा त्यांना समजावू लागला की आता आत दोन कपाटं आहेत, एकातलं बिघडलं तरी...

त्यांनी पुरतं ऐकून घेतलं नाही. उठले, मुलीला विचारलं, "आता ह्ये नवीन भरतंय का काय?" ती म्हणाली, हो, आत्ताच चालू केलंय. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मुख्य बटण खाली ओढलं. मग बॅटरीची वायरही, कोणी न सांगता, हातानं उपसली.

पंपघरात एकदम शांत झालं. बाहेर कुठंतरी भारद्वाज घुमत होता. मिनिटभर ते तसेच उभे राहिले, मग वायर खोचली, बटण वर केलं आणि खाटेवर जाऊन बसले. दिवा लागला. आम्ही कोणी बोललो नाही. बऱ्याच वेळानं, निदान मला तरी बराच वेळ वाटला, भोंगा 'पीं' करून वाजला आणि खाटेखालचं कुत्रं दचकून उठलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हा बी राहील."